जुन्या व्हिडिओ गेमचा प्रकल्प : परवानगी द्यावी, पण आराखडा पाहून

माळ्यावर पडलेला टीव्हीचा जुना व्हिडिओ गेम उघडून त्याचा हातात मावणारा, सेलवर चालणारा खेळ बनवायची कल्पना आपल्या नववीच्या काही मुलांनी मांडली आहे. शाळेने प्रयोगशाळेतले एक टेबल आणि शनिवारची दुपार द्यावी, एवढीच त्यांची मागणी. पालकांतून लगेच दोन हरकती आल्या : अभ्यासाचे काय, आणि हात भाजले तर? आमचे मत असे, की परवानगी द्यावी. मात्र पूर्ण आराखडा कागदावर आल्याशिवाय स्क्रू-ड्रायव्हर हाती देऊ नये.

कल्पना तशी जुनीच. अमेरिकेतल्या बेन हेकेन्डॉर्न या ग्राफिक डिझायनरने 2000 साली अटारी 2600 हा 1977 चा संच असाच हातात धरण्याजोगा केला आणि पुढे 2005 मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिले. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेले बहुतेक संच निन्टेन्डोच्या 1983 च्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. त्यांतल्या पुष्कळांत सगळी करामत डांबरासारख्या काळ्या ठिपक्याखालच्या एकाच चिपमध्ये असते. बोर्ड तळहाताएवढा, बाकी डबा रिकामा! नक्कल इथे मुलांच्या पथ्यावर पडते.

आता विजेचा हिशेब. पडदा गाडी मागे घेताना वापरतात तो 4.3 इंची घ्यायचा, तर तो बहुधा 12 व्होल्टचा असतो. चिपला हवेत 5. हा मेळ आधी कागदावर बसला पाहिजे. मुलांचा ओढा लिथियम सेलकडे आहे, आणि आमचा ठाम विरोध तिथेच आहे. 3.7 व्होल्ट, 2600 मिलिअँपिअर-तासांच्या एका लिथियम सेलमध्ये सुमारे 9.6 वॅट-तास ऊर्जा असते. पेन्सिल सेलच्या आकाराचे, पुन्हा चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे 1.2 व्होल्ट, 2000 मिलिअँपिअर-तासांचे चार सेल घ्या : तेही 9.6 वॅट-तासच! खेळ थोडा जाड होईल, होऊ द्या. शॉर्ट झाले तर हे सेलही तापतात, म्हणून फ्यूज हवाच. पण लिथियमसारखा पेट घेण्याचा धोका त्यांत पुष्कळच कमी. एकूण 3 वॅट लागतील आणि पाचवा हिस्सा वाया जाईल असे धरले, तर अडीच तास खेळता येईल. नेमका आकडा मुलांनी मल्टीमीटरने मोजावा.

जुन्या संचात 9 व्होल्टचे 5 करणारा तीन पायांचा रेग्युलेटर असतो. तो 9 पैकी 4 व्होल्ट, म्हणजे जवळजवळ 44 टक्के वीज, नुसती उष्णतेत घालवतो. अॅडॉप्टरवर कोणाला फरक पडत नाही, सेलवर मात्र ही चैन परवडत नाही. 'अभ्यासाचे काय' म्हणणाऱ्यांनी सांगावे, ओहमचा नियम याहून चांगला कुठे शिकायला मिळेल?

कार्ट्रिजची खाच तर 60 पिनांची, लांबलचक. ती ठेवायची की एकच कार्ट्रिज आत कायम जोडायचे, हे व्हर्नियरने मापे घेऊन, पुठ्ठ्याचा नमुना करून ठरवावे. शेजारच्या बालानगरात 1968 पासून औजार आरेखनाची केंद्रीय संस्था आहे. आधी आरेखन, मग धातू ही रीत आपल्या परिसराला नवी नाही.

सुटे भाग कोठीच्या गुजराती गल्लीत मिळतात. कुकटपल्लीहून मेट्रोने सुलतान बझारला उतरावे; यादी हातात असल्याशिवाय मात्र जाऊ नये, नाहीतर नको तेच घरी येते.

विश्वस्तांना आमची विनंती : सोल्डरिंगच्या वेळी विज्ञानाचे शिक्षक हजर असावेत, डोळ्यांना चष्मा आणि खिडक्या उघड्या असाव्यात. अॅडॉप्टर किंवा जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही कोणीही उघडू नये. ट्यूबमध्ये बंद केल्यावरही उच्च दाबाची वीज साठून राहते. आणि पालकांनो, मोठ्या भावाचा चालू संच देऊ नका. बिघडलेला, बटणे गेलेला असेल तोच पाठवा, आणि तो कापण्यापूर्वी घरात सर्वांना विचारा.

सर्व मापे, वायरिंगचे चित्र आणि खर्चाचा अंदाज मुलांनी एका वहीत उतरवून मुख्याध्यापकांकडे द्यावा. वही पाहूनच टेबल द्यायचे की नाही ते ठरवावे.