घाटात बंद पडलेली गाडी

पावसाळी शनिवार-रविवार आला की नागपूरच्या गाड्या अमरावती, परतवाडा करत चिखलदऱ्याला निघतात. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 310 मीटरवर, चिखलदरा 1,100 मीटरच्या वर. यातली बहुतेक चढण परतवाडा सोडल्यावर एकदम अंगावर येते. सपाट रस्त्यावर हात बसलेला चालक वाहनांच्या रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी रोखून धरतो. क्लच प्लेट जळते, इंजिन तापते. उतरताना इंधन वाचवायला गाडी न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेले ब्रेक नेमक्या वळणावर दगा देतात.

गाडी कुणाचीही बंद पडेल. खरे संकट त्यानंतरचे आहे. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, गाडी बाजूला घ्यायला जागा नाही, आणि धुके असे की पुढचे वळण दिसत नाही. चिखलदरा ज्या मेळघाटात आहे, तिथे अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते. 1033 ही मदतसेवा फक्त राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. 112 लावायलाही कुठल्या तरी कंपनीचा टॉवर पोहोचावा लागतो. लेकराबाळांसह गाडीत बसून राहावे तर मागून येणाऱ्या वाहनाची भीती, उतरून चालू लागावे तर व्याघ्र प्रकल्पाचे जंगल.

मागून आदळण्याची ही भीती पोकळ नाही. 15 ऑक्टोबर 2023 च्या पहाटे वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर टेम्पो ट्रॅव्हलर ट्रकवर मागून आदळला आणि 12 जणांचा जीव गेला. ट्रक रस्त्यातच थांबवल्याच्या आरोपावरून परिवहन विभागाच्या दोन अधिकाऱ्यांना अटक झाली. तो रस्ता रुंद होता. घाटातल्या अरुंद वळणापलीकडे थांबलेली गाडी मागच्याला दिसते तेव्हा ब्रेक दाबायलाही अवधी उरलेला नसतो.

ट्रकवाले अशा वेळी झाडाची फांदी तोडून मागे टाकतात, चाकांना दगडांची अडण लावतात. दिवसा फांदी उपयोगी पडते, रात्री ती दिसत नाही. दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो, दगड मात्र रस्त्यातच राहतात. त्यातला डोक्याएवढा एखादा दगड मग अंधारात एखाद्या दुचाकीस्वाराच्या चाकाखाली येतो. हा निव्वळ बेपर्वाईने घेतलेला बळी आहे. परावर्तक लाल त्रिकोण डिकीत असताना तो प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेर न काढणारे मोटारवालेही तितकेच दोषी.

चिखलदऱ्यात सिडकोने 407 मीटरचा काचेचा स्कायवॉक हाती घेतला. पर्यटक यावेत, स्थानिकांना रोजगार मिळावा, याला कुणाचाच विरोध नाही. पण लोकांना बोलवायचे तर ज्या रस्त्याने ते येणार, त्यावर अडकलेल्याची सोयही सरकारनेच पाहिली पाहिजे. मोबाइलच्या भरवशावर नसलेले मदतीचे फोन, वळणांच्या अलीकडे गाडी बाजूला घेण्याइतकी जागा, आणि गर्दीच्या दिवसांत परतवाड्यात व वर चिखलदऱ्यात तयार उभी क्रेन, एवढी व्यवस्था सार्वजनिक बांधकाम विभागाने वन विभागाला बरोबर घेऊन पुढच्या पावसाळ्याआधी उभी करावी. स्कायवॉकच्या तुलनेत याचा खर्च किरकोळ आहे.

आणि घाट चढणाऱ्या प्रत्येकाला विनंती: कुणी अडकलेला दिसला तर सुरक्षित जागा पाहून थांबा, त्याचा निरोप पुढच्या गावापर्यंत पोहोचवा, आणि स्वतःची गाडी सुरू झाली की रस्त्यावरचे दगड आधी उचला.