दुबईचा दाखला आणि अल ऐनची साक्ष

कुळकायदा आणि कमाल जमीनधारणा कायदा या दोघांनी महाराष्ट्राची शेती खुंटवली, असे मानणारा एक वर्ग आहे. हल्ली तो संयुक्त अरब अमिरातीकडे बोट दाखवतो. तिथे ‘कसेल त्याची जमीन’ असा कायदा कधी झाला नाही, जमीन राज्यकर्त्यांच्या हाती राहिली, भांडवलाला मोकळे रान मिळाले आणि वाळवंटात शहरे उभी राहिली. मग आपणच हक्कांच्या वादात पिढ्या का घालवल्या, असा त्याचा सवाल असतो. दुबईत घर घेतलेल्या मराठी कुटुंबाला हा युक्तिवाद सहज पटतो. 2002 पासून तिथे परदेशी माणसाला ठरावीक भागांत कायम मालकीने घर घेता येते, आणि 2006च्या नोंदणी कायद्याने त्या मालकीला कागदोपत्री बळ दिले. पण हा दाखला शहरातल्या घराचा आहे, शेतीचा नाही. गावाच्या अर्थकारणाविषयी अमिराती काय सांगतात हे पाहायचे, तर किनारा सोडून अल ऐन आणि लिवाच्या मरूद्यानांकडे वळावे लागते, आणि तिथला पुरावा या युक्तिवादाच्या विरोधात जातो.

आधी संपत्तीचा उगम पाहू. अबू धाबीतून खनिज तेलाची पहिली निर्यात 1962 साली झाली. 1971च्या राज्यघटनेने प्रत्येक अमिरातीतली नैसर्गिक संपत्ती त्या अमिरातीच्या सार्वजनिक मालकीची ठरवली. पैसा आला तो या भूगर्भातून आणि बंदरांच्या व्यापारातून. शेतात पिकवून कोणी तो उभा केला नाही. उलट त्या पैशातून शेती उभी राहिली. नागरिकांना सरकारने जमिनी दिल्या, सपाटीकरण करून दिले, विहिरी खोदून दिल्या, अनुदाने दिली. भटक्या कुटुंबांना स्थिर करावे आणि तेलाचा वाटा घरोघरी पोचावा, हा हेतू चांगलाच होता, त्यावर टीका करायचे कारण नाही. अशी चोवीस हजारांच्या आसपास शेते एकट्या अबू धाबीत झाली. मात्र मालकाचा चरितार्थ शेतावर नाही आणि शेतात राबणारा दक्षिण आशियातून आलेला पगारी मजूर, अशी घडी बसली. मजुराचा तिथला मुक्काम नोकरीवर अवलंबून; जमिनीत आणि पाण्यात त्याचा वाटा शून्य. विहिरीतले पाणी उद्या राहावे याची निकड दोघांपैकी कोणालाच नव्हती. वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस न पडणाऱ्या मुलखात जनावरांसाठी ऱ्होड्स गवत पिकवले गेले. शेतीच्या पाण्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा ते एकटे पीत होते, आणि तरीही त्याला अनुदान होते. 2010मध्ये अबू धाबी सरकारला ते अनुदान बंद करावे लागले. 2016मध्ये भूजल ही अमिरातीची मालमत्ता आहे, परवान्याशिवाय उपसा नाही, असा कायदा करावा लागला. तोवर हजारो वर्षांत साठलेले पाणी दोन पिढ्यांत बरेचसे उपसून झाले होते.

याच अल ऐनमध्ये दुसरी एक व्यवस्था होती, तिचे नाव फलज. डोंगरपायथ्याशी मूळ विहीर खणायची, तिथून जमिनीखालून अगदी हलक्या उताराचा बोगदा काढायचा आणि पंपाशिवाय पाणी खजुराच्या बागांपर्यंत आणायचे. दर काही अंतरावर बोगद्यातला गाळ काढायला उभे झरोके ठेवायचे. हिली इथे उत्खननात सापडलेला फलज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा मानतात. 2011मध्ये अल ऐनची मरूद्याने युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आली. पण यातला स्थापत्याचा भाग मला दुय्यम वाटतो. खरी करामत हक्काच्या रचनेत होती. फलजाचे पाणी वेळेच्या मापाने वाटलेले असे. दिवसा सावलीवरून, रात्री ताऱ्यांवरून पाळी ठरे. तो वाटा वारसाने मिळे, विकता येई, भाड्यानेही देता येई. अरीफ नावाचा जाणता माणूस पाळ्यांवर देखरेख करी, आणि बोगद्याच्या दुरुस्तीचा भार वाटेकऱ्यांवर असे. म्हणजे बाग कोणाची, याच्याइतकेच पाणी कोणाचे आणि किती वेळ, हे ठरलेले होते. शिवाय बोगद्यात झरेल तेवढेच पाणी मिळे. कोणाला मनात आले म्हणून दुप्पट ओढता येत नसे.

ही व्यवस्था न्याय्य होती, असे मात्र मी म्हणत नाही. ज्याच्याकडे पैसा त्याच्याकडे पाणी, आणि बागेत खपणाऱ्या बिदाराला केवळ पिकातला हिस्सा, अशी तिची दुसरी बाजू होती. शेख झायेद 1946मध्ये अल ऐनचे प्रशासक झाले. त्यांनी जुने फलज साफ करवले, नवा खणायला घेतला आणि पाण्याच्या मालकीची फेरवाटणी करताना आपल्या घराण्याचे खास हक्क आधी सोडले. तेलाचा पैसा येण्याआधीची ही गोष्ट आहे. अमिरातीच्या ग्रामीण विकासाचे पहिले पाऊल हक्कांच्या फेरवाटणीचे होते, हे दुबईचा दाखला देणारे सांगत नाहीत. पुढे शेतोशेती यांत्रिक विहिरी झाल्या, पातळी खाली गेली आणि अल ऐनचे फलज आटले. आज त्यांत विहिरींचे पाणी सोडून ते वाहते ठेवावे लागतात.

आता आक्षेप. पहिला असा की तंत्रज्ञानाने हा प्रश्नच मोडीत काढला. दुबईत 2022मध्ये विमानतळाजवळ सुरू झालेल्या बुस्तानिकामध्ये मातीविना, थरावर थर रचून वर्षाला दहा लाख किलो पालेभाजी घेण्याची क्षमता आहे. कौतुक जरूर करावे. पण ती पालेभाजी आहे, ज्वारी नव्हे. आणि तो कारखाना आहे, लाखो कुटुंबांचे पोट त्यावर भरत नाही. दुसरा आक्षेप तुकड्यांचा. महाराष्ट्रात सरासरी वहिवाट 1970-71मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16मध्ये ती 1.34 झाली, हे खरे. पण 1 एप्रिल 1957च्या कृषकदिनी कुळे मालक झाली म्हणून तुकडे पडले नाहीत. वाटण्या वारसाने झाल्या, आणि शेतीबाहेर पोटापाण्याची सोय झाली नाही म्हणून प्रत्येक भावाने आपला तुकडा धरून ठेवला. जमीन एकत्र करून एका बड्या हातात दिल्याने पाणी वाढत नाही. सरकारचा अमाप पैसा पाठीशी असलेली अबू धाबीची शेतेही भूजलापुढे थकली, तिथे कोरडवाहू मराठवाड्याचे काय सांगावे!

तरी कुळकायद्याच्या समर्थकांनाही, आणि मी त्यांच्यातलाच, एक गोष्ट मान्य करावी लागेल. आपण जमीन दिली, पाणी दिले नाही. सामाईक विहिरीतला दोन आणे हिस्सा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ सदरात निघतो, भाऊबंद त्या पाळीसाठी कोर्टापर्यंत जातात. पण भूजलाचा असा हिशेब कुठल्याच उताऱ्यावर नाही. 1882च्या सुविधाधिकार कायद्याची छाया अजून आहे: जमीन माझी तर खालचे पाणी माझे. म्हणून ज्याच्याकडे बोअर खोल नेण्याचा पैसा, त्याच्या उसाला पाणी, आणि शेजारच्या नव्या मालकाच्या विहिरीला तळ. साठ मीटरहून खोल विहिरींना बंधन घालणारा भूजल कायदा 2014पासून लागू आहे, तरी पाचशे-सातशे फुटांचे बोअर मराठवाड्यात सर्रास पडतात.

पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा करणे व्यवहारात शक्य नाही, हा शेवटचा आक्षेप. पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी 1972च्या दुष्काळानंतर जे उभे केले, ते त्याचे उत्तर आहे. पाणी पंचायतीत पाणी माणशी मिळे: दरडोई अर्ध्या एकरापुरते, कुटुंबाला फार तर अडीच एकरांचे. ऊस घ्यायचा नाही. भूमिहीनालाही वाटा, आणि तो दुसऱ्याच्या जमिनीत वापरून त्याने पिकात भागीदारी करावी. पांझरेकाठच्या फड पद्धतीत पाटकरी आणि जागल्या पाळ्या सांभाळत आले. अल ऐनच्या अरीफाला ते काम परके वाटले नसते. हे प्रयोग लहान राहिले, कारण त्यांना कायद्याचा आधार मिळाला नाही. तो द्यायचा, तर गावाचा पाणलोट मोजून दरसाल उपशाची मर्यादा ठरवावी, तिच्यातला वाटा माणशी नोंदवावा, कसणाऱ्या बाईचे आणि भूमिहीन मजुराचे नाव त्या नोंदीत घालावे, आणि त्या वाट्याबाहेरच्या बोअरला वीजजोडणी देऊ नये.