आधी एक रजिस्टर बंद करा

सरकारी आरोग्यसेवेतल्या तंत्रज्ञानाचा विषय निघाला की सगळ्यांना आभा कार्ड आठवतं. मला आठवतो आयएलआर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. उष्म्यानं ती बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठली तरी निकामी होते, आणि वितळल्यावर नुसत्या नजरेला ते सहसा कळतही नाही. पूर्वी दिवसातून दोनदा थर्मामीटर बघून वहीत आकडा लिहायचा. मध्यरात्री वीज गेली, तर वहीला त्याचा पत्ता नसे.

२०१५ पासून ‘ईविन’ आलं. फ्रीजमध्ये सेन्सर बसला. तापमान हललं की कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर मेसेज. कुठल्या केंद्रात किती डोस शिल्लक आहेत, हे जिल्ह्यालाही दिसू लागलं. या यंत्रणेचा फारसा गाजावाजा झाला नाही, पण पुढे कोविड लसीकरणाच्या कोविनला तिचाच पाया मिळाला.

आता आशाताईंकडे बघा. गरोदर बाईच्या घरी जायचं, माहिती रजिस्टरात लिहायची, मग तीच अ‍ॅपमध्ये भरायची. वाडीवर रेंज नसली तर रात्री घरी बसून. २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा मानधनवाढीबरोबरच ऑनलाइन कामाचाही प्रश्न होता. त्यांना मोबाइल जमत नाही, असं म्हणणाऱ्या साहेबांनी एक दिवस त्यांच्याबरोबर फिरून यावं.

सप्टेंबर २०२१ मध्ये डिजिटल आरोग्य अभियान देशभर सुरू झालं. त्यातला आभाचा, म्हणजे रुग्णाच्या आरोग्यओळखीचा, चौदा आकडी क्रमांक काढणं सोपं आहे. त्यात रुग्णाचा इतिहास भरणार कोण? ओपीडीत रांग दारापर्यंत असताना डॉक्टरनं नाडी बघायची की टायपिंग करायचं? शिवाय साध्या तापखोकल्याला बहुतेक लोक खासगी दवाखान्यात जातात, आणि तिथली चिठ्ठी पेशंटच्या पिशवीतच राहते. क्यूआर कोडनं केसपेपरची रांग कमी होते, हे मात्र खरं. तेवढं श्रेय द्यायलाच हवं.

ईविननं माणसाचं एक काम स्वतःकडे घेतलं. बाकीची बरीच अ‍ॅप्स कामाची भर घालतात आणि वर अहवाल मागतात. म्हणून आरोग्य खात्याकडे माझी मागणी साधी आहे: नवं अ‍ॅप काढणाऱ्या प्रत्येक परिपत्रकात, त्या दिवसापासून कुठलं रजिस्टर बंद होणार, त्याचं नाव लिहा. नाव सुचत नसेल, तर परिपत्रक काढू नका.