अमेरिकेतलं 'चाइल्ड टॅक्स क्रेडिट' काय आहे? सर्वांत गरीब घरांनाच ते कमी का मिळतं?

वर्षाला चार लाख डॉलर कमावणाऱ्या अमेरिकी जोडप्याला २०२५ या वर्षासाठी एका मुलामागे २,२०० डॉलरची करसवलत मिळते. दहा हजार डॉलर कमावणाऱ्या एकट्या आईला त्याच सवलतीतून फक्त १,१२५ डॉलर मिळतात. असं का?

टॅक्स क्रेडिट म्हणजे काय?

आपल्याकडे नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. पण त्यापुढे सरकार खिशातून काही देत नाही. अमेरिकेतली काही क्रेडिट्स मात्र कर शून्य झाल्यावर उरलेली रक्कम रिफंड म्हणून देतात. कमी पगारावर राबणाऱ्यांसाठी १९७५ मध्ये सुरू झालेलं 'अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट' तसंच आहे. मुलांसाठीचं क्रेडिट १९९७ च्या कायद्यानं आलं.

मग मेख कुठे आहे?

मुलांच्या क्रेडिटमध्ये रिफंडला १,७०० डॉलरची मर्यादा आहे. तोही कमाईच्या प्रमाणात मिळतो: पहिले २,५०० डॉलर सोडून उरलेल्या कमाईच्या १५ टक्के. म्हणजे दहा हजार कमावणाऱ्या आईसाठी ७,५०० चे १५ टक्के, १,१२५ डॉलर. कमाईच नसेल, तर काहीच नाही.

२०२१ मध्ये काय घडलं?

कोविडकाळात बायडन सरकारनं एका वर्षासाठी कमाईची अट काढली. सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० आणि मोठ्या मुलामागे ३,००० डॉलर झाले. जुलै ते डिसेंबर दरमहा हप्ते खात्यात आले. जनगणना विभागाच्या पूरक मोजमापानुसार बालगरिबी ५.२ टक्क्यांवर उतरली. ही वाढ आणि कोविडची इतर मदत संपल्यावर, २०२२ मध्ये ती १२.४ टक्के झाली.

ती कायम का झाली नाही?

अट नसेल तर लोक काम सोडतील, असं विरोधकांचं म्हणणं. बायडन यांच्याच पक्षाचे सिनेटर जो मॅन्चिन यांनाही कामाची अट हवी होती आणि सिनेटमध्ये एकेक मत मोलाचं होतं. आईबापाच्या कमाईवरून मुलाची गरज का मोजायची, हा समर्थकांचा सवाल.

आता काय बदललं?

जुलै २०२५ मध्ये ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्यानं क्रेडिट २,००० वरून २,२०० डॉलर केलं. कमाईची अट तशीच राहिली. त्यामुळे ज्यांना आयकर लागतच नाही, अशा घरांपर्यंत हे वाढीव २०० डॉलर पोहोचले नाहीत.