विजेची ऊब: चैन कीं गरज?

गेल्या महिन्यांत पुण्याच्या एका वाचक-भगिनीचें पत्र आमच्याकडे आलें. त्यांची कन्या डॉक्टर असून उत्तर इंग्लंडमधील एका रुग्णालयांत नोकरीस आहे. रात्रपाळी संपते त्या वेळीं बस मिळत नाहीं, म्हणून ती मोटारसायकलीवरून घरीं परतते. वाट पाऊण तासाची. आईनें स्वतःच्या हातानें विणलेले दोन स्वेटर, लोंकरीचे पायमोजे, कानटोपी असें सारें धाडलें. तरी मुलीचें उत्तर आलें कीं, "आई, स्वेटर फार सुंदर आहेत, पण अर्ध्या वाटेवर बोटें माझीं राहत नाहींत." आतां ती विजेवर तापणारें जाकीट व हातमोजे घ्यावयाचें म्हणते. यावरून घरांत तट पडले आहेत. आजोबा म्हणतात, ही चैन आहे. मामा म्हणतात, अंगावर वीज खेळविणें हा जिवाशीं खेळ आहे. आणि आई आम्हांला विचारते, "माझ्या लोंकरींत काय उणें पडलें?"

हा प्रश्न एकट्या त्या घराचा नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें आज इंग्लंडांत, जर्मनींत, कॅनडांत आहेत. आणि इकडेहि लेहपर्यंत मोटारसायकलीनें जाणाऱ्या तरुणांची संख्या थोडी नाहीं. म्हणून उत्तर खाजगी न देतां येथेंच देत आहों.

प्रथम आईच्या प्रश्नाचें उत्तर. लोंकरींत कांहींहि उणें नाहीं. पण लोंकर ऊब निर्माण करीत नाहीं. शरीरानें निर्माण केलेली ऊब ती राखते. तिच्या तंतूंमध्यें अडकलेली स्थिर हवा हेंच तिचें खरें सामर्थ्य. झपझप चालणाऱ्या मनुष्याचें शरीर भट्टीसारखें पेटलेलें असतें, म्हणून थंडींतहि एका स्वेटरावर त्याचें भागतें. मोटारसायकलीवरचा मनुष्य वेगानें जात असला तरी स्वतः जवळजवळ स्थिर बसलेला असतो. स्वस्थ बसलेल्या प्रौढ मनुष्याचें शरीर सुमारें १०० वॅट इतकीच उष्णता निर्माण करतें. एवढ्या भांडवलावर समोरून येणाऱ्या वाऱ्याचीं देणीं भागवावयाचीं! उत्पन्न थोडें आणि खर्च अमाप, अशा संसाराची जी गत होते तीच या शरीराची होते.

हा खर्च किती, याचें मोजमापहि झालें आहे. पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल या दोघां अमेरिकनांनीं १९३९ ते १९४१ च्या अंटार्क्टिकावरील मोहिमेंत, वाऱ्यांत टांगलेल्या नळकांड्यांतील पाणी किती वेळांत गोठतें हें पाहून वाऱ्याच्या गारठ्याचा हिशेब मांडला. तो पुढें सुधारून अमेरिका व कॅनडा यांनीं २००१ सालीं नवें कोष्टक स्वीकारलें. त्याप्रमाणें हवेचें तपमान ५ अंश सेल्सियस असून वारा ताशीं ८० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेस तो गारठा उणें ३ अंशांसारखा भासतो. आणि हवा शून्य अंशावर असेल तर उणें १० अंशांसारखा. मोटारसायकलस्वार हा वारा आपल्या वेगानें स्वतःच निर्माण करीत असतो. यांतून पहिला धडा असा मिळतो कीं, वारा आंत शिरूं न देणारें बाहेरचें वस्त्र नसेल तर आंतील कोणतीहि ऊब, मग ती आईची असो कीं विजेची, व्यर्थ होय.

दुसरी गोष्ट बोटांची. धड थंड पडूं लागलें कीं शरीर आपल्या मर्मस्थानांचें रक्षण आधीं करतें. हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्ण रक्त छातीपोटांत राखलें जातें. संकटकाळीं घरचा कर्ता दूरच्या खोल्यांतील दिवे मालवतो, तसाच हा प्रकार. म्हणून हातमोजे कितीहि जाड घेतले तरी धड गारठलेलें असेल तर बोटें गारच राहतात. पैसे बेताचे असतील तर पहिली खरेदी जाकिटाची करावी, हातमोज्यांची त्यानंतर. पुष्कळ लोक नेमकें याच्या उलट करतात आणि निराश होतात.

आतां आजोबांच्या आक्षेपाकडे वळूं. ब्रेकचा दांडा बोटांनींच ओढावयाचा असतो. ताशीं ८० किलोमीटर वेगानें गाडी अर्ध्या सेकंदांत ११ मीटर पुढें जाते. बधिर बोटांनीं ब्रेक लावण्यास एवढा उशीर होणें कठीण नाहीं, आणि अकरा मीटरांत रस्ता ओलांडणारें एखादें मूल सहज बसतें. ज्या वस्तूनें हा उशीर टळतो तिला चैन म्हणणें आम्हांस तरी पटत नाहीं. आजोबांच्या डोळ्यांपुढें मखमली उशा व गुलाबपाणी असावें. येथें गोष्ट ब्रेकची आहे.

मामांची भीति मात्र अगदींच निराधार नाहीं; तिचें स्थान तेवढें चुकलें आहे. हे कपडे गाडीच्या १२ व्होल्टांच्या विजेवर चालतात. घरांतील २३० व्होल्टांच्या विजेसारखा प्राणघातक धक्का त्यांतून बसत नाहीं. कल्पनाहि नवी नाहीं. पहिल्या महायुद्धांत उघड्या विमानांतून उडणाऱ्या वैमानिकांनीं असे कपडे वापरले, आणि दुसऱ्या महायुद्धांत उंचावरून जाणाऱ्या बाँबफेकी विमानांतील माणसें त्यांवरच तगलीं. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत गॉर्डन गर्बिंग यांच्यासारख्यांनीं तीच युक्ति मोटारसायकलस्वारांसाठीं आणली. खरा धोका आहे तो भाजण्याचा. १९४७ सालीं मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनीं दाखवून दिलें कीं, ४४ अंशांइतकी सौम्य उष्णताहि सुमारें सहा तास एकाच जागीं त्वचेस लागून राहिली तर ती भाजते. तपमान वाढेल तसा हा अवधि झपाट्यानें घटतो. म्हणून तापणारें वस्त्र उघड्या अंगावर कधींहि घालूं नये. आणि मधुमेहामुळें ज्यांच्या हातापायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनीं वैद्याच्या सल्ल्यावांचून असे मोजे वापरूंच नयेत. कारण भाजत असल्याचें त्यांस कळणारच नाहीं.

आतां प्रत्यक्ष निवड. हे कपडे दोन जातींचे असतात. एक जात स्वतःच्या लहान बॅटरीवर चालते, दुसरी गाडीच्या विजेवर. बॅटरीच्या हातमोज्यांना तार नाहीं, हें त्यांचें सुख. पण हिशेब करून पाहावा. ७.४ व्होल्ट व २२०० मिलिअँपिअर-तास अशा बॅटरींत सुमारें १६ वॅट-तास इतकी शक्ति मावते. मोजा ८ वॅट घेत असेल तर ती दोन तास पुरेल. त्यांतून थंडींत बॅटरीचें बळ आणखी घटतें. पाऊण तासाच्या वाटेस हें पुरेसें आहे, परंतु रोज दोन बॅटऱ्या भारित करण्याची शिस्त पाळावी लागते. रात्रपाळीनें थकलेलें माणूस ती विसरतें. जाकिटास व लांब प्रवासास गाडीची वीज हीच खात्रीची.

ती घ्यावयाची तर गाडीची ऐपत आधीं पाहिली पाहिजे. जाकीट साधारणपणें ७५ ते ९० वॅट घेतें. हातमोज्यांची जोडी २५ ते ३० वॅट. समजा, गाडीचें जनित्र ३०० वॅट देतें व दिवे, प्रज्वलन इत्यादींस १८० लागतात. म्हणजे शिल्लक १२०. जाकीट ८० आणि मोजे २८ मिळून १०८ वॅट झाले. हें जेमतेम भागलें. परंतु इंजिन मंद चालत असतां जनित्र पुरती वीज देत नाहीं, म्हणून सिग्नलपाशीं थांबतांना ऊब कमी करावी. लहान किंवा जुन्या गाडीस हा भार झेपत नाहीं. मग बॅटरी उतरते आणि ऐन थंडींत इंजिनच सुरू होत नाहीं. गाडीच्या पुस्तिकेंतील आंकडे पाहिल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

जोडणी थेट बॅटरीपासून घ्यावी व मध्यें फ्यूज असावाच. १०८ वॅट म्हणजे सुमारें ८ अँपिअर. तेव्हां १० अँपिअरचा फ्यूज योग्य. तारेची जोडणी ओढतांच सुटणारी असावी, म्हणजे घाईनें उतरतांना किंवा पडतांना स्वार गाडीस बांधलेला राहत नाहीं. उष्णता कमी-अधिक करणारा नियंत्रक अवश्य असावा. नुसती चालू-बंद करणारी कळ पुरेशी नाहीं. जाकीट व मोजे यांस शक्य तर दोन स्वतंत्र नियंत्रक घ्यावेत, कारण धडास पुरे होते ती ऊब बोटांस पुरत नाहीं. दुकानदारास आणखी एक प्रश्न विचारावा: एक भाग बिघडला तर बाकीचे चालूं राहतात काय? सर्व भाग एकाच माळेंत ओंवलेले असले तर एक मणि तुटतांच सगळी माळ विझते.

मापाच्या बाबतींत आपली नेहमींची सवय सोडावी. आपण कपडा "वाढत्या अंगाचा" घेतों. तापणारें जाकीट मात्र अंगासरशी बसलें पाहिजे, नाहींतर उष्णता मधल्या पोकळींत वायां जाते. पण तें आवळणारेंहि नको, कारण रक्त वाहिलें नाहीं तर ऊब बोटांपर्यंत पोंचणार कशी? ही वस्तु म्हणजे केवळ अस्तर होय. पडल्यास तें हाडें वांचवीत नाहीं. त्यावरचें बाहेरचें जाकीट युरोपांतील ईएन १७०९२ या प्रमाणास उतरलेलें असावें, आणि हातमोजे ईएन १३५९४ या प्रमाणास. ऊबदार पण कच्चा मोजा घेणें म्हणजे छत्री आहे म्हणून छप्पर काढून टाकणें होय.

हें सारें झालें तरी एक गोष्ट विकत मिळत नाहीं. वीज स्वाराला तापविते, रस्त्याला नाहीं. बर्फाळ रस्त्यावर गाडी थांबण्यास एरवींच्या दहापट अंतरहि लागूं शकतें, असें इंग्लंडची वाहतूक-नियमावलीच सांगते. पूर्वीं थंडीच स्वाराला सांगत असे कीं, आज निघूं नकोस. ऊबदार जाकिटांत तो इशारा ऐकूं येत नाहीं. शिवाय रात्रभर जागलेल्या शरीरास ऊब मिळाली कीं झोंप येते. म्हणून तपमान शून्याच्या आसपास असेल, अथवा डोळे जड झाले असतील, त्या दिवशीं गाडी रुग्णालयाच्या आवारांतच ठेवावी आणि भाड्याच्या मोटारीनें घरीं जावें. तो खर्च मात्र आजोबांनीं आनंदानें द्यावा.

आणि आतां आईचा स्वेटर. मुलगी तो बहुधा अंगालगत घालीत असेल. तापणारें जाकीट आलें कीं त्यावर चढवील आणि विजेची ऊब जाड लोंकरीबाहेरच अडवील. क्रम असा ठेवावा: अंगालगत पातळ लोंकरीची बंडी, तिच्यावर तापणारें जाकीट, त्याच्यावर आईचा स्वेटर आणि सर्वांवर वारा अडविणारें कवच. म्हणजे वीज ऊब देईल आणि लोंकर ती राखील. भगिनींनीं आतां तिसरा जाड स्वेटर विणण्याच्या भरीस पडूं नये. सुया काढाव्या आणि अंगालगतची एक पातळ बंडी विणावी. तिची तेथें खरी गरज आहे.