ठोक्यांचा कागद आणि साखरेचा हिशेब

गर्भवतीच्या पोटाला पट्टे बांधून बाळाच्या हृदयाचे ठोके कागदावर उमटविणारे सीटीजी यंत्र हे खाजगी प्रसूतिगृहांच्या प्रतिष्ठेचे लक्षण होऊन बसले आहे. गर्भकालीन मधुमेहाचे नाव निघताच ते पुढे सरकविले जाते. ज्या स्त्रीला इन्शुलिन घ्यावे लागते, जिची साखर आवरत नाही, तिच्या गर्भावर अशी बारीक नजर हवीच. त्याबद्दल वाद नाही. पण केवळ पथ्याने जिची साखर ताळ्यावर आली आहे तिलाही वारंवार या यंत्राखाली निजविण्यात हित कोणाचे? मधुमेही गर्भवतीच्या बाळाची वाढ खुंटण्याचा धोका नसेल, तर ३८ आठवड्यांपूर्वी असे नित्य ठोके नोंदविण्याची शिफारस ब्रिटनची ‘नाइस’ ही संस्थादेखील करीत नाही.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचे इन्शुलिन मात्र जात नाही. मग बाळाचे स्वादुपिंडच जादा इन्शुलिन स्रवू लागते, बाळ अवाजवी पोसते, त्याची प्राणवायूची गरज वाढते, आणि वार ती भागवू शकली नाही की ते गुदमरते. ठोके बिघडतात ते या साखळीच्या शेवटी. आजचा निर्दोष कागद ही आजचीच ग्वाही. उद्या साखर उसळली की तिची किंमत शून्य.

साखळीचे पहिले टोक पकडणे स्वस्त आहे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रत्येक गर्भवतीला पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त तपासायचे; साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक भरली की उपचार सुरू. उपाशी येण्याचीही अट नाही. प्रसूतीच्या वेळी ठोके ऐकण्यासही साधे श्रवणनळकांडे चालते. मात्र कळांच्या भरात दर पंधरा ते तीस मिनिटांनी आणि अखेरीस दर पाच मिनिटांनी ते कानाला लावणारी परिचारिका हवी. यंत्र एकदाच विकत घेता येते, परिचारिकेला दरमहा पगार द्यावा लागतो. शासनाची आणि धंदेवाइकांची गाठ पडते ती नेमकी इथे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झालेली आढळली, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. हा सारा दोष यंत्राचा नव्हे. परंतु अखंड यंत्रनोंदीने सिझेरियनचे प्रमाण वाढते, हे चाचण्यांतून दिसलेले आहे.

आणि बीडहून पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला गेलेली गर्भवती? तिची पहिली तपासणी गावच्या उपकेंद्रात झाली असली, तरी दुसरीची वेळ फडात येते. तिचे नाव एका तालुक्याच्या नोंदवहीत, ती दुसऱ्याच जिल्ह्यातील कोपीत. जेवल्यावर कुशीवर निजून बाळाच्या हालचाली मोजाव्यात, असे तिला सांगणे सोपे आहे. पण कामावर गेली नाही तर खाडा पडतो आणि उचल फिटत नाही. ज्या कारखान्याच्या गव्हाणीत तिने तोडलेला ऊस पडतो, त्या कारखान्यावर तिच्या रक्तातील साखर मोजण्याची सक्ती शासन का करीत नाही?