तास भरले नाहीत!

बचाव बोटीचे इंजिन अजून शंभर तास चाललेले नाही, तेव्हा ऑइल बदलण्याचा खर्च मंजूर करता येत नाही, असा शेरा मारून एका कार्यालयाने देयक परत केल्याचे भंडारा जिल्ह्यातले एक वाचक कळवतात. ओबीएमच्या (आउटबोर्ड मोटरच्या) खालच्या गिअरबॉक्समधून निघालेले ऑइल दुधाच्या चहासारखे, म्हणजे पाणी मिसळलेले होते, हे त्यांनी अर्जात लिहिले होते. ते कोणी वाचलेले दिसत नाही.

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत शंभर तासांपुढे ‘किंवा अमुक महिने, जे आधी होईल ते’ असेही छापलेले असते. साहेबांचे वाचन ‘किंवा’च्या अलीकडेच थांबते. पाणी मात्र तास मोजून शिरत नाही. गोसेखुर्दच्या फुगवट्यात जाळ्याचा नायलॉन धागा पंख्यामागे गुंडाळला गेला, की शाफ्टचे सील कापायला एक फेरीही पुरते. मग बोट गोदामात जाते आणि आतले पाणी वर्षभर बेअरिंगला गंज चढवत बसते. लॉगबुकात तास तेवढेच! त्यात पावसाळ्याआधीचे ते पाच मिनिटांचे प्रात्यक्षिक. फोर-स्ट्रोक इंजिन धड तापतही नाही, वाफेचे क्रँककेसमध्येच पाणी होते आणि फोटो मात्र छान येतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगा भंडारा शहरात शिरली, तेव्हा तास भरण्याची वाट पाहायला कोणाला सवड होती?

आपली दुरुस्ती करणारी मंडळीही काही कमी नाहीत. ऑइल बदलले, ‘दुरुस्त’ लिहिले, सही केली! सील आणि प्लगचे वॉशर जुनेच असतील तर नवे ऑइलही पांढरे होणारच. पंखा उतरवा, धागा शोधा, सील बदला, प्रेशर टेस्ट घ्या. ऑइल खालच्या छिद्रातून वर चढवा. वरून ओतले की हवा अडकते. पुरात बुडालेल्या इंजिनाचे स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधले पाणी निघेपर्यंत स्टार्टरला हात लावू नका.

आणि येत्या तपासणीला खालचा प्लग साहेबांसमोरच सैल करा. पाणी जड, तेच आधी येते. ते पारदर्शक बाटलीत धरा, तारीख घाला, अर्जासोबत जमा करून पोच घ्या. पोच मिळाली नाही, तर ‘सुस्थितीत’च्या रकान्यात सही करू नका.